वाचकांचे प्रश्न : गाडीच्या टपावरील बुटका कॅरियर

प्रश्न : माझ्याकडे पाच दारांची जिम्नी आहे. पावसाळ्यानंतर आम्ही कुटुंबासह मांडू आणि नर्मदाकाठी मुक्कामाला जातो. तंबू, पाण्याचे कॅन आणि एक जादा स्टेपनी ठेवण्यासाठी टपावर बुटका कॅरियर बसवावा असा विचार आहे. येथील लोहामंडीजवळचा एक वेल्डर लोखंडी चौकोनी पाइपांचा कॅरियर निम्म्या खर्चात बनवून टपाला भोके पाडून बोल्टने बसवून देतो म्हणतो. तयार ॲल्युमिनियमचा कॅरियर मात्र बराच महाग आहे. काय करावे? – एक वाचक, इंदूर

उत्तर : टपाला भोके पाडण्याचा विचार प्रथम सोडून द्यावा. आपल्या गाडीच्या छताच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ आहे, आणि हल्लीच्या फार थोड्या गाड्यांना ती उरली आहे. क्लॅम्पने त्या पन्हळीला धरणारा कॅरियर बसवला, तर छताच्या पत्र्याला हात न लावता सगळा भार छताच्या मजबूत कडेवर येतो. भोक पाडले की पत्र्याची कापलेली कड उघडी पडते. तिथे कितीही सिलिकॉन भरले तरी दोन-तीन पावसाळ्यांत गंज धरतो आणि पाणी आतल्या छताच्या अस्तरात झिरपते. शिवाय या गाडीत सहा एअरबॅग आहेत आणि त्यांपैकी पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन एअरबॅग नेमक्या छताच्या आतल्या कडेलाच घडी करून ठेवलेल्या असतात. त्या कुठवर पोहोचतात हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ड्रिल चालवणाऱ्या कारागिराचा हात कितीही सराईत असला तरी त्याला तो भाग सुरक्षित आहे असे सांगता येणार नाही.

लोखंड की ॲल्युमिनियम, हा प्रश्न किमतीपेक्षा वजनाचा आहे. लोखंडाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते. गाडीच्या मालक-पुस्तिकेत टपावर किती किलो भार चालेल ते दिलेले असते आणि त्या आकड्यात कॅरियरचे स्वतःचे वजनही धरायचे असते, ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. त्यामुळे तीस-पस्तीस किलोंचा लोखंडी कॅरियर बसवून त्यावर सामान किती ठेवता येईल, हे हिशेब केल्यावर लक्षात येते. वीस लिटर पाण्याचा एक कॅन म्हणजे वीस किलो, आणि आपल्या गाडीची टायरसह स्टेपनीही साधारण तेवढीच. एवढे दोन नग चढवले तरी मर्यादा बहुधा संपलेली असेल. माझे मत असे की पाणी व स्टेपनी गाडीच्या आत, जमेल तितकी खाली आणि मागच्या आसनाला टेकवून ठेवावी. टपावर तंबू, चटया, घडीच्या खुर्च्या असे जागा खाणारे पण हलके सामान ठेवावे. पेट्रोलचा कॅन तर टपावर कधीच नको.

पुस्तिकेतील आकडा चालत्या गाडीसाठी असतो. उभ्या गाडीचे छत त्याहून कितीतरी जास्त वजन पेलते, म्हणून तर टपावरच्या तंबूत दोन माणसे झोपू शकतात. पण हे ऐकून चालत्या गाडीवरही तेवढेच वजन चढवणारे मला भेटलेले आहेत. भेरूघाटात एखाद्या वळणावर गाडी झुकते तेव्हा टपावरचे वजन तिला बाहेरच्या चाकांवर ढकलत असते. ही गाडी अरुंद आहे, रुंदी १६४५ मिलिमीटर आणि उंची १७२० मिलिमीटर, त्यामुळे टपावरच्या प्रत्येक किलोचा परिणाम तिच्यावर लवकर जाणवतो. उंचीचाही हिशेब करून ठेवावा : दहा सेंटिमीटरचा कॅरियर आणि त्यावर चाळीस सेंटिमीटर सामान, म्हणजे एकूण सव्वादोन मीटरच्या जवळपास. तळघरातील पार्किंगच्या तोंडाशी उंचीची पाटी असते, ती सामान लादण्यापूर्वी वाचावी.

बसवताना क्लॅम्प आणि पन्हळ यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी, आणि त्याखाली रंग जपणारी पारदर्शक फिल्म लावल्यास अधिक चांगले. तिथला रंग घासला गेला तर गंज तिथूनच सुरू होतो. दोन्ही बाजूंचे बोल्ट प्रथम हाताने बसवून कर्ण मोजावेत, दोन्ही कर्ण सारखे आले की आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत. शेवटचे आवळणे टॉर्क पान्ह्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, कॅरियरच्या पत्रकात दिलेल्या आकड्याप्रमाणे करावे. जोर लावून आवळले तर पन्हळच वाकते. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला थेट टेकले की ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये नायलॉनचे वायसर घालावेत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि खडबडीत रस्त्यावरून आल्यावर प्रत्येक वेळी.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालते. तेव्हा सहज काढता येईल असा, क्लॅम्पने बसणारा कॅरियर घेणे त्याही दृष्टीने बरे.

प्रश्न : बुटका कॅरियर बसवल्यापासून सत्तरच्या पुढे वेग गेला की शिट्टीसारखा आवाज येतो. कॅरियर सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आडव्या पट्टीच्या मागे वाऱ्याचे भोवरे ठरावीक गतीने सुटत राहतात आणि तीच शिट्टी होते. पट्ट्यांच्या उघड्या खाचांत रबराची पट्टी भरावी. बऱ्याचदा एवढ्याने भागते. न भागल्यास पुढच्या पट्टीभोवती जाडसर दोरी सर्पिलाकार गुंडाळून पाहावी. उंच धुराड्यांभोवती पत्र्याची सर्पिल पट्टी बसवतात तेही भोवरे मोडण्यासाठीच. तरीही आवाज राहिला तर पुढे तिरकी पट्टी लावावी, मात्र ती छताला टेकू देऊ नये, कारण धुळीसह घासून ती रंग खरवडते. प्रवास नसेल तेव्हा कॅरियर उतरवून ठेवणे उत्तम. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, साठच्या वेगाला जेवढा असतो त्याच्या सव्वादोन पट तो नव्वदला होतो, आणि त्याचा खर्च पेट्रोलच्या बिलात दिसतो.