आई माळकऱ्यांची, बाबा आगरी. मुलांनी काय खायचं?

"मॅडम, लग्नाआधी आमचं सगळं बोलणं झालं होतं. घरात मासे-मटण शिजवायचं नाही, त्याला वाटलं तर त्याने बाहेर खायचं. मुलं मोठी होईपर्यंत नीट चाललं. आता दर रविवारी भांडण. मुलांनी खायचं की नाही, हे ठरवायचं कोणी?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या घरांतून येतो. कधी बायको देशस्थ आणि नवरा मालवणी असतो. कधी जैन घरातली मुलगी मराठा घरात आलेली असते. कधी दोघंही एकाच जातीचे, पण नवऱ्याने चाळिशीत माळ घातलेली आणि घरातलं कालवण एका दिवसात बंद केलेलं. या सगळ्या जोडप्यांत एक गोष्ट सारखी दिसते. लग्नाआधी 'मी काय खाणार, तू काय खाणार' यावर तासन् तास बोलणं होतं. 'आपली मुलं काय खाणार' यावर एक वाक्यही झालेलं नसतं.

इथे सांगते आहे ते पनवेलकडच्या एका जोडप्याचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती लोणंदची. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला असते, तेव्हा त्यांच्या दारात वारकऱ्यांची पंगत बसते. वडील माळकरी, आषाढी वारी न चुकवणारे. तो उरण-पनवेल पट्ट्यातला आगरी. आई-वडील गावच्या घरी, हे दोघं मुलांना घेऊन फ्लॅटमध्ये. मोठी मुलगी चौथीत, धाकटा पाच वर्षांचा. रविवारी बाबा मुलांना स्कूटरवरून गावी नेत. तिथे तांदळाची भाकरी, बोंबील, मांदेली, मोसमात चिंबोऱ्या. संध्याकाळी परत.

ते आले मात्र भांडणासाठी नाही. मुलीच्या पोटात दुखायचं. रविवारी रात्री सुरू व्हायचं, सोमवारी शाळेची वेळ टळली की थांबायचं. मुलांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन १०.८ निघालं, बाकी काही नाही. त्यांनी लोहाचं औषध दिलं आणि पोटदुखीसाठी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत पोटदुखीवर फार बोलणं झालंच नाही. रिपोर्टच्या त्या एका आकड्यावरून दोघं माझ्यासमोर जुंपले. तो म्हणाला, "बघा, नुसत्या पालेभाजीवर वाढवली की हे होतं." ती म्हणाली, "दर रविवारी गावी खाते ना? मग कमी कसं?"

रक्त वाढवणं हे माझं काम नाही, ते मी दोघांनाही डॉक्टरांकडूनच समजून घ्यायला लावलं. पण एवढं सांगते, कारण हा मुद्दा प्रत्येक घरात शस्त्र म्हणून वापरला जातो. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं तर रक्त कमी धरतात. मटणातलं लोह शरीर धान्य-भाज्यांतल्या लोहापेक्षा चांगलं शोषून घेतं, हे खरं आहे आणि शाकाहारी पालकांनी ते मान्य करावं. पण आठवड्यातून एकदा दोन बोंबील खाऊन लोहाचा प्रश्न सुटत नाही, हेही तेवढंच खरं. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही, दूध-दही-अंड्यांत मिळतं. तेव्हा दूध-दही नीट पोटात जाणारं शाकाहारी मूल चांगलं वाढू शकतं, फक्त लक्ष ठेवायला हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्त कमी आढळलं. त्यात खाणाऱ्यांची मुलं आहेत, न खाणाऱ्यांचीही आहेत. या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, डाळ-उसळीवर लिंबू पिळायला सांगितलं, लोहाचं औषध दुधाबरोबर देऊ नका म्हणाले आणि सकाळचा चहा-चपाती बंद केला. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. चहा तिला दोन्ही घरी मिळत होता आणि त्याबद्दल कोणाचंच भांडण नव्हतं!

मग मुलीला एकटीला भेटले. "तिलाच विचारा ना, तिला काय हवंय," असं बाबा निघताना म्हणाले होते. पालकांना हा मार्ग फार न्यायाचा वाटतो. मला तो मुलावर अन्याय करणारा वाटतो. नऊ वर्षांच्या मुलाला "तुला मासे हवेत का?" विचारलं, तर त्याला ऐकू येतं, "तू आईची का बाबांची?" मग समोर कोण बसलंय ते बघून उत्तर येतं. मी तिला जेवणाबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त म्हटलं, "तुझा रविवार काढून दाखव."

तिने दोन घरं काढली आणि मध्ये स्कूटर. घरांना नुसत्या चौकटी, पण स्कूटर अगदी निगुतीने, आरशांसकट. डिकी उघडी होती आणि तिच्यात एक पुडी. मी विचारलं, हे काय? "बडीशेप. घराच्या कोपऱ्यावर बाबा थांबतात. आम्ही खातो. मग लिंबाने हात धुतो." आणि घरी आल्यावर? "आई म्हणते हात दाखव. मग वास घेते."

एवढं सांगून ती स्कूटरची नंबरप्लेट रंगवायला लागली. पोटदुखीचं कारण मला तिथेच मिळालं.

दुसरी गोष्ट तिच्या आईने आणली. शाळेने एक संमतिपत्र पाठवलं होतं. २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्यांना केळं. शाळेला मुलांच्या घरून लेखी हवं होतं. आईने निळ्या शाईत 'केळे' लिहून सही केली. रात्री बाबांनी ते काळ्या शाईने खोडून वर 'अंडे' लिहिलं आणि आपलीही सही ठोकली. काही आठवड्यांनी तो कागद मुलीच्या कंपासपेटीत सापडला, चार घड्या घालून कर्कटकाखाली ठेवलेला. तिने तो दिलाच नव्हता. बाईंना सांगितलं होतं, मला दोन्ही आवडत नाही. त्या दिवशी वर्गात सगळ्यांना काहीतरी मिळायचं, ही नुसती बसून राहायची. (पुढे २०२५ च्या सुरुवातीला सरकारने अंड्यांसाठीचा वेगळा निधीच बंद केला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्यावर माझं मत फार चांगलं नाही.)

तो कागद टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला, तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "मी लपवायला कधी सांगितलं नाही." आई म्हणाली, "बडीशेप काय मुखशुद्धीला देतोस?"

माझं मत मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं. मूल मासे खाऊन वाढतं, न खाऊनही वाढतं. पण 'आईला सांगू नको' यावर वाढताना त्याची ओढाताण होते. हात हुंगून घेतल्यावर तर जास्तच. म्हणून पहिल्या दोन गोष्टी त्याच दिवसापासून बंद करायला लावल्या, पुडी आणि हात हुंगणं. कोणी काय खायचं हे नंतर ठरवू.

पुढचं काम अवघड होतं, ते म्हणजे तोंडातले शब्द. आई मुलांसमोर मासळीला 'घाण' म्हणायची, "मेलेलं खाता" म्हणायची. त्याच्या घरी तिच्या स्वयंपाकाला 'घासफूस' म्हणत, आणि आत्या मुलीच्या दंडाला हात लावून म्हणायची, "पोरीच्या अंगावर मांस नाय." मी आईला विचारलं, "घाण म्हटल्यावर धाकट्याला काय कळतं?" ती म्हणाली, "मासे वाईट." मी म्हटलं, त्याला कळतं की आजी घाण करते, बाबा घाण खातात. आपल्याकडे शाकाहाराला 'स्वच्छ' म्हणण्याच्या सवयीत जात दडलेली असते, आणि ज्याच्या घरी सात पिढ्या खाडीवर जगल्या त्याला ती बरोबर टोचते. तिला हे आवडलं नाही. "आमच्या घरी वारीत जात बघत नाहीत," ती म्हणाली. तेही खरं होतं. म्हणूनच तिला ते लागलं असावं.

मग तिने एक तोडगा आणला. असा तोडगा मी आधीही ऐकला आहे. "मोठी तशीही खाते. ती त्याची. धाकटा तरी माझा राहू दे, त्याला लावू नका." बाबा जवळजवळ तयार होते, वाद मिटत होता ना. मी याला ठाम नकार दिला. एका ताटावर दोन भावंडांची वाटणी झाली की पुढे आजारपण, अभ्यास, लग्न, सगळ्यात 'तुझी मुलगी, माझा मुलगा' सुरू होतं. जो नियम होईल तो दोघांना एकच.

वाट निघाली ती बाबांच्या गावच्या घरातून. बोलता बोलता मी विचारलं, तुमच्याकडे कोणीच माळकरी नाही? आगरी गावांत भजनी मंडळी असतात, दिंड्या निघतात, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. तो म्हणाला, "आहे ना, माझा चुलता. वीस वर्षं झाली माळ घालून." मग त्याचं कसं चालतं? "त्याचा टोप वेगळा. आई त्याचं आधी शिजवते, मग मासळी चुलीवर चढते. पंगतीत आमच्यातच बसतो, फक्त टोकाला." तुम्ही लहानपणी त्याच्यासमोर खाल्लंत? "खाल्लं की. तो कधी काय बोलला नाही. आणि आम्हीपण त्याला कधी चिडवलं नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती गावी गेली की स्वतःचा डबा नेऊन आतल्या खोलीत जेवायची. चुलत्याचा टोप तिने पाहिलाच नव्हता. सासूला त्या डब्याचा केवढा राग होता, ते मला नंतर कळलं. सासूचं म्हणणं, माझ्या हातचं माळकरी खातो, मग हिला चालत नाही?

त्यानंतर आम्ही कालनिर्णय घेऊन बसलो. दोघं धरून चालले होते की आपलं काहीच जुळत नाही. प्रत्यक्षात त्याच्या घरीही श्रावण पाळतात, सोमवारी मासळी येत नाही, संकष्टीला आजीचा उपास असतो. तिच्याकडची भर पडत होती ती एकादशांची. प्रश्न उरत होता तो रविवारी एकादशी आली तर काय, एवढाच. असे रविवार बोटावर मोजण्याइतके निघाले. तो म्हणाला, त्या दिवशी नाही. तिने तो शब्द मागितला नव्हता, त्याने आपणहून दिला.

बाकी जे ठरलं ते असं. फ्लॅटमध्ये शिजणार नाही, अंडंही नाही. ही तिची जागा आणि त्याने लग्नाआधी दिलेला शब्द. गावी दोन्ही टोप ओट्यावर असतील, मुलं ज्यातलं मागतील त्यातलं वाढायचं आणि आग्रह कोणी करायचा नाही. मुलं "नको" म्हणाली तर कारण विचारायचं नाही, "हवं" म्हणाली तरी नाही. शाळेचा कागद दोघांनी बसून नवा लिहिला. त्यावर 'केळे' राहिलं, कारण मुलीला उकडलेल्या अंड्याचा वास खरंच सहन होत नव्हता. हे तिने आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, बाबांना वाईट वाटेल म्हणून.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच महिन्यात धाकटा भाकरीबरोबर सुकट खाताना आईने पाहिलं आणि ती उठून अंगणात गेली. आत्याची जीभ अजून तशीच आहे. डबा मात्र आता रोजचा राहिलेला नाही. चुलत्याच्या टोपातली आमटी ती खाते, सासूला विचारून तिखट कमी घालायला लावते. पोटदुखी हळूहळू थांबली. औषध आणि चहाबंदी पाळल्यावर हिमोग्लोबिनही वाढलं. मुलगी मासे खाते, मटण खात नाही. धाकटा सगळं खातो.

तुमच्या घरी असा वाद असेल तर आधी बडीशेप शोधा, म्हणजे मुलं कोणापासून काय लपवत आहेत ते बघा. आजी-आजोबांचाही त्यात हात असतो, त्यांनाही बोलण्यात घ्या. आणि एकाने दुसऱ्याला मारहाण करणं, खर्चाचे पैसे बंद करणं, मुलाच्या तोंडात जबरदस्तीने घास कोंबणं असं काही होत असेल तर तो वाद जेवणाचा नाही. त्यासाठी एकट्याने आलात तरी चालेल.

या जोडप्याचं माझ्याकडचं येणं आता कमी झालं आहे. गेल्या वेळी मात्र आई एकटी आली. लोणंदला वडिलांना तिने अजून सांगितलेलं नाही. सुट्टीत तिकडे जाताना गाडीत ती मुलांना बजावते, आजोबांसमोर माशांचं नाव काढायचं नाही. या खेपेला मुलीने विचारलं, "मग बाबांनी बडीशेप दिली होती तेव्हा तू का चिडलीस?" तिला काय उत्तर द्यायचं, हे विचारायला ती आली होती. मी म्हटलं, मुलीला नंतर देऊ, आधी वडिलांना काय सांगायचं ते ठरवू. पालखी लोणंदहून पुढे गेली की सांगते, असं म्हणाली.