वाढलेला किलो पाण्याचा की चरबीचा?

प्रश्न : वडिलांना हार्ट फेल्युअर आहे (हृदयाचं काम शरीराला अपुरं पडतं), ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, ३५. घरी सोडताना रोज वजन करायला सांगितलंय. काटा कधी ४०० ग्रॅम वर असतो, कधी खाली. दर वेळी घाबरायचं का?

उत्तर : नाही. पोट साफ झालं की नाही, रात्री किती जेवण झालं, यावर अर्धा किलो सहज इकडेतिकडे होतो. तुम्हाला पकडायचंय ते साठणारं पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी इतक्या वेगाने चढत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांत काटा वर गेला तर ते बहुतेक वेळा पाणीच असतं. पावलं सुजलेली दिसेपर्यंत शरीरात बरंच पाणी साठून गेलेलं असतं. काटा त्याआधी सांगतो.

वजन सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, रोज तशाच हलक्या कपड्यांत करा. काटा १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा आणि कडक फरशीवर हवा. गालिच्यावर ठेवला की तो चुकतो. आकडा वहीत लिहा. शेजारी दम किती लागला आणि झोपताना किती उशा लागल्या तेही लिहा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आजचं वजन फक्त कालच्या वजनाशी ताडून पाहणं. रोज ३०० ग्रॅम वाढले तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि आठवड्यात दोन किलो चढलेले असतात. अंगावर सूज नसताना डॉक्टरांनी ठरवलेलं वजन, म्हणजे ‘कोरडं वजन’, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि रोज त्याच्याशी ताडून पाहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर मात्र आकड्याची वाट पाहू नका. उलटही लक्षात ठेवा : जुलाब-उलट्या होताहेत, उभं राहिल्यावर चक्कर येते आणि काटा कोरड्या वजनाच्या बराच खाली आलाय, तर लघवीची गोळी जास्त होत असू शकते. तेव्हाही फोन हवाच.

प्रश्न : वय ५८, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३४. चालताना दम लागतो, पण इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ६०, म्हणजे नॉर्मल आहे. सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारी रक्तचाचणी) ६ आला. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा. हार्ट फेल्युअरमध्ये जाड माणसं जास्त जगतात असं मी वाचलंय. मग उतरवू की नको?

उत्तर : उतरवा. तुम्ही वाचलंत ते निरीक्षण खरं आहे, पण त्यातून निघणारा सल्ला चुकीचा आहे. बीएमआय फक्त किलो मोजतो. ते किलो पाण्याचे आहेत, स्नायूंचे की पोटाच्या चरबीचे, हे त्याला कळत नाही. शिवाय ज्यांना आजाराने पोखरून बारीक केलंय तेही ‘बारीक’ गटात मोजले जातात, आणि मग जाड माणसं तुलनेने बरी दिसतात. २०२३मध्ये पॅराडाइम-एचएफ या हार्ट फेल्युअरवरच्या मोठ्या औषधचाचणीतल्या रुग्णांची माहिती पुन्हा तपासली गेली. त्यात बीएमआयऐवजी कमरेचा घेर भागिले उंची हे गुणोत्तर घेतल्यावर जाडीचा तो फायदा दिसेनासा झाला.

घर बसल्या मोजायचं तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा आणि घेर पाहा. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पोटाच्या आत चरबी साठलेली असण्याची शक्यता मोठी. पोटात पाणी झालं असेल तर हे माप फसवं ठरतं.

ही आतली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. त्यातल्या इंटरल्युकिन-६मुळे यकृत सीआरपी तयार करतं, तोच तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतोय. २०१३मध्ये मांडल्या गेलेल्या आणि आज बऱ्याच अंशी मान्य असलेल्या विचारानुसार, हा दाह हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागतो, तिथलं रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी होतं आणि हृदयाचा स्नायू ताठर होत जातो. पंप जोरात मारतो, म्हणून ईएफ ६० येते. पण तो नीट सैल पडत नाही, म्हणून भरताना आतला दाब वाढतो आणि दम लागतो.

तुमच्यासारख्याच रुग्णांवर, म्हणजे बीएमआय ३० किंवा अधिक आणि ईएफ ४५ किंवा अधिक असलेल्या ५२९ जणांवर, सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२३मध्ये आले. आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी १३.३ टक्के उतरलं, नुसतं औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.६ टक्के. सीआरपी ४३.५ टक्के खाली आला, दुसऱ्या गटात ७.३ टक्के. दम, थकवा आणि चालण्याची क्षमताही सुधारली. दाह उतरल्यामुळे बरं वाटलं की वजन उतरल्यामुळे, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. पण तुमच्या निर्णयापुरतं उत्तर त्यात आहे.

आधी ५ ते १० टक्के हे लक्ष्य पुरे. आठवड्याला अर्धा किलो हा वेग ठीक. जेवण तोडून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि चालणं सोडू नका. औषधाने वजन भराभर उतरू लागलं तर लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस कमी करावा लागू शकतो. तो न बदलल्यामुळे चक्कर येऊन पडलेले रुग्ण दिसतात. कमी ईएफ असलेल्यांनी हे निष्कर्ष स्वतःला लावू नयेत. त्यांच्यावर याच जातीच्या लिराग्लुटाइडच्या चाचण्या झाल्या तेव्हा फायदा दिसला नाही.

आणखी दोन गोष्टी. सर्दी-तापात सीआरपी करू नका, बरं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा. आणि जाड माणसांत बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) मुळातच कमी येतं, त्यामुळे ते नॉर्मल आलं म्हणून हार्ट फेल्युअर नाही असं समजू नका.

प्रश्न : आईचं वजन वर्षापूर्वी ५८ होतं, आता ५२. ईएफ ३०. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणते. सूज कमी झाली म्हणून वजन उतरलं असेल ना?

उत्तर : तसं गृहीत धरू नका. वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन कारणाशिवाय गेलं की शरीर झिजतंय का हे तपासावं लागतं. आईंचं १० टक्के गेलंय. पाय अजून सुजत असतील तर या ५२मध्येही पाणी आहे, म्हणजे खरी झीज आणखी जास्त. घोट्याच्या वर अंगठा काही सेकंद दाबून धरा आणि खड्डा राहतो का पाहा. मग दंड, मांड्या आणि गळपट्टीची हाडं पाहा. पाण्यामुळे काटा स्थिर दिसतो आणि आतून स्नायू जात राहतात. अशा वेळी कोरडं वजनही नव्याने ठरवायला हवं.

ही झीज दाहाशी जोडलेली आहे. झिजलेल्या रुग्णांच्या रक्तात टीएनएफ हे दाह वाढवणारं रसायन वाढलेलं असतं हे १९९०मध्येच दिसून आलं. आतड्यांच्या भिंतीत पाणी साठलं की भूक मरते, आणि आतल्या जंतूंची विषद्रव्यं रक्तात झिरपून दाहाला आणखी खतपाणी मिळतं. म्हणून भूक वाढवायच्या टॉनिकआधी साठलेलं पाणी नीट काढणं महत्त्वाचं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर त्याची पातळी, शिवाय थायरॉइड, साखर, टीबी आणि कर्करोग हेही डॉक्टरांनी पाहून घ्यावं.

मूत्रपिंड ठीक असतील तर किलोमागे किमान १.१ ग्रॅम, म्हणजे आईंना रोज सुमारे ५७ ग्रॅम प्रथिनं हवीत. ती पाच-सहा छोट्या खाण्यांत विभागा. मीठ इतकं तोडू नका की जेवणच नकोसं होईल : सोडियम रोज १५०० मिलिग्रॅमखाली आणण्याची मोठी चाचणी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मृत्यू किंवा भरती होणं कमी झालं नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर पायांत ताकद कमी आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर हाच व्यायाम रोज थोडा थोडा करून घ्या.

प्रश्न : यांना हार्ट फेल्युअर आहे, शरीरात दाह आहे असं डॉक्टर म्हणाले. यांचे गुडघेही दुखतात. मग दाह कमी करणारी वेदनाशामक गोळी दोन्हीला चालेल का?

उत्तर : मुळीच नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. चार दिवसांत माणूस पुन्हा भरती होऊ शकतो. टीएनएफ थेट अडवणारी एटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही औषधंही हार्ट फेल्युअरमध्ये वापरून पाहिली गेली. पहिल्याचा उपयोग झाला नाही, दुसऱ्याच्या किलोमागे १० मिलिग्रॅमच्या डोसने मृत्यू आणि भरती वाढली. दाह आजाराचा साथीदार आहे, पण तो दाबला की हृदय सुधारतं असं नाही.

गुडघ्यांसाठी साधं पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी बरी. पाण्यात फसफसणारी गोळी टाळा : ५०० मिलिग्रॅमच्या अशा एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक ग्रॅम मीठ असतं. वेदनाशामक आधीच सुरू असेल तर डॉक्टरांना सांगून बंद करा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि पोटॅशियम तपासून घ्या. हृदयासाठी लिहून दिलेली कमी डोसची अॅस्पिरिन मात्र याच यादीतली समजून स्वतःहून थांबवू नका.