मुलाने गिटार कपाटावर टाकलीये, बॅगेत रोलिंग पेपर सापडलेत, म्युझिक सोडायला लावू का?

ताई नमस्कार,

पत्र वाचलं. मुलगा थर्ड इयर मेकॅनिकलला, फिरोदियाच्या (पुण्यातली कॉलेजांची नाट्यस्पर्धा) म्युझिक टीममधल्या पोरांनी मिळून बँड काढला, एक रील जोरात चालली, कोरेगाव पार्क-बाणेरकडे गिग मिळायला लागले, आणि वर्षभरात तीन विषय राहिले, बॅगेत रोलिंग पेपर (गांजा भरून ओढायचे कागद) सापडले, बँड सुटला आणि आता विचारलं तर "सगळं फेक आहे" म्हणून दार लावून घेतो. मिस्टरांचं म्हणणं गिटार विकून टाका.

आधी तेवढं थांबवा. ब्रिटिश गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनने 1999 मध्ये स्वतःच्या शंभर गिटार लिलावात काढल्या, पण त्या अँटिग्वामधल्या त्याच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी, आणि तोपर्यंत त्याचं हेरॉइन आणि नंतरची दारू, दोन्ही सुटून बरीच वर्षं झाली होती. म्हणजे क्रम उलटा आहे, आधी व्यसन सुटलं, गिटार नंतर गेल्या.

आपल्याला दिसतं ते स्टेजवरचं तास-दीड तास. पोरं दुपारी चारला ॲम्प, पेडल घेऊन पोचतात, साउंडचेक सहाला उरकतो, नंबर लागतो दहाला, मधले चार तास करायचं काय? बऱ्याचदा मानधन म्हणजे जेवण आणि बियरची कुपनं, त्यामुळे जे समोर आहे ते चालू होतं. वाजवून उतरल्यावर अंगात एवढी किक असते की पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी प्रॅक्टिकल. मग कोणीतरी म्हणतं, घे रे एक, शांत झोपशील. व्यसन शिरतं ते इथून. गाणं बिचारं उगाच बदनाम होतं. एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारिस्ट अँगस यंग स्टेजवर वेड्यासारखा धावतो आणि दारूला शिवत नाही, हे पोराला जरूर सांगा.

त्याच्या भिंतीवर कर्ट कोबेन आहे म्हणालात. त्याच्या निर्वाणा या रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम सप्टेंबर 1991 ला आला, जानेवारी 92 मध्ये त्या अल्बमने अमेरिकेत मायकल जॅक्सनच्या अल्बमला एक नंबरवरून खाली खेचलं, आणि एप्रिल 94 मध्ये, 27 व्या वर्षी, कोबेनने जीव दिला. हेरॉइन त्याच्याकडे प्रसिद्धीच्या आधीपासून होतं, पोटाचं जुनं दुखणं होतं, नाव झाल्यावर ते सुटायचं सोडून वाढलं, आणि शेवटी त्याने लिहिलं की गाणं ऐकण्यात, करण्यात आता मजाच येत नाही. आणि हो, ते '27 क्लब'चं (27 व्या वर्षी गेलेल्या स्टार लोकांचं) ग्लॅमर मुलाच्या डोक्यात असेल तर 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अभ्यास आलाय, 27 ला मरण्यात काही खास नाही, पण नावाजलेल्या गायक-वादकांचे विशी-तिशीतले मृत्यू इतरांपेक्षा दोन-तीन पट जास्त निघाले.

तुमच्या मुलाचं "सगळं फेक" मला तरी खोटं वाटत नाही. व्ह्यूज आले म्हणजे करिअर झालं असं त्याला वाटलं, पुढची रील पडली आणि फोन बंद झाले, विसाव्या वर्षी हे लागतं हो. पण त्याच्यावर लेक्चर देऊ नका. गिग संपल्यावर घरी कसा यायचास, पैसे कोण वाटायचं, भांडण कशावरून झालं असं साधं विचारा, मिस्टर घरात नसताना.

करिअरचं नंतर, आधी सायकियाट्रिस्ट किंवा आपल्या येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, 1986 पासून हेच काम करतायत. तो यायला तयार नसेल तर तुम्ही दोघं तरी जाऊन भेटा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446. पोलिसांची भीती घालू नका, गांजा बाळगणं गुन्हा आहेच, पण स्वतःहून उपचार घेणाऱ्याला अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातच संरक्षण आहे. गांजा बंद केल्यावर आठ-पंधरा दिवस चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते, तेव्हा "बघ, सुधारला नाही" म्हणू नका. आणि जगण्यातच अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच 14416 लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, रात्रीसुद्धा चालू असते.

डिग्री पूर्ण करायला सांगा, पण "नंतर नोकरी कर" म्हणून नाही. एफटीआयआयच्या (पुण्यातली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) साउंडच्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतं, आणि मेकॅनिकलवाल्या पोराला लाइव्ह साउंड, स्टुडिओचं काम बऱ्यापैकी लवकर जमतं. संगीत शिकायचंच असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, पण ते शास्त्रीय अंगाचं, रॉकवाल्याला तिथे करमेल का शंका आहे. स्वतःची गाणी केली असतील तर आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणारी संस्था) मेंबरशिप घ्यायला लावा, रॉयल्टी म्हणजे काय ते कळलं की व्ह्यूजचं भूत निम्मं उतरतं. आणि वर्षभर रात्रीचे गिग नकोत, दुपारी मुलांना गिटार शिकवू दे, कोथरूड-सिंहगड रोडला शिकणारे कमी नाहीत.

राहिलेल्या विषयांच्या फॉर्मची लास्ट डेट मात्र तुम्हीच कॉलेजात विचारून ठेवा, या मूडमध्ये तो बघणार नाही.