कापड मागवू नका, ट्रंक उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई 62 वर्षांच्या, नुकत्याच निवृत्त झाल्यात आणि हाताने गोधडी शिवायचं म्हणतात. या वयात जमेल का, नव्या कापडाचे तुकडे आणि आत भरायचा फायबर मागवून देऊ का, पुढेमागे विकून चार पैसे सुटतील का.

जमेल. धावदोराच तर घालायचाय. पण मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. "घरात आजीच्या साड्या पडून आहेत, पण त्या कापणं बरं दिसणार नाही." कोणाला बरं दिसणार नाही?

मी साताऱ्याची. पोस्टात नोकरी झाली, निवृत्तीनंतर वाकळा, म्हणजे तुमच्या गोधड्याच, शिवायला घेतल्या. अगदीच कोरी नव्हते. लहानपणी आई आणि चुलती शिवायला बसल्या की सुया ओवून देणं माझ्याकडे असायचं. तर सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची लुगडी एका ट्रंकेत होती. बहुतेक सुती, काही इरकली, दोन-तीन रेशमी. थोरल्या जाऊबाईंनी डांबरगोळ्या टाकल्या, कुलूप लावलं आणि सांगितलं, आईंची आठवण आहे, कोणी हात लावायचा नाही. ट्रंक माझ्या घरात, किल्ली त्यांच्याकडे. असा तो कारभार बरीच वर्षं चालला.

मग एका नवरात्राच्या आधी, दसऱ्याच्या धुण्याला, जाऊबाई आल्या असताना ट्रंक उघडली. रेशमी लुगडं उचललं तर घडीघडीवर चिरलेलं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की असंच होतं, डांबरगोळ्यांचा तिथे काय उपयोग. जाऊबाईंनी ते तसंच परत घडी करून आत ठेवलं. मी सुती लुगडी बाहेर काढली आणि त्यांच्यासमोर कात्री लावली.

त्यानंतर घरातल्या एका बारशात चारचौघींसमोर जाऊबाईंनी मला ऐकवलं, "एवढी पेन्शन येते आणि आईंच्या लुगड्यांच्या चिंध्या करतीस? सुनेला पांघरूण परवडत नाही म्हणतील लोक." खरी कळ इथे होती. आठवणीबिठवणीचं नाव, दुखणं गरिबीचं. आमच्या पिढीत ज्यांच्या घरी वाकळा होत्या त्यांनी पैसा आल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर वाकळा माळ्यावर टाकल्या आणि ब्लँकेटं आणली. मामंजी गेल्यावर त्यांच्या धोतरांची वाकळ सासूबाईंनी स्वतः शिवली होती. जाऊबाईंचीच मुलं तिच्यावर लोळून मोठी झाली. हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. उत्तर आलं नाही, अबोला मात्र आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

अमेरिकेत अलाबामात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि 2006 मध्ये तिकडच्या पोस्टाने त्या गोधड्यांची तिकिटं काढली. तिकिटं म्हटल्यावर माझं लक्ष जाणारच. त्या गावच्या मिसूरी पेटवे यांनी 1942 साली नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर घेता यावी म्हणून. जाऊबाईंना मी हेही सांगितलं. "ते अमेरिकेत," म्हणाल्या.

आता कापडाचं. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले की दोन-दोन मीटरचे चार थर मिळतात. एका माणसाची वाकळ एका लुगड्यात होते, वर काही विकत आणायला लागत नाही. जुन्या सुती कापडातली खळ गेलेली असते, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं, रंग सुटायचा तेवढा सुटलेला असतो. सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. नव्या कापडाचे चार थर घेऊन बसवलंत तर तुमच्या आईंची बोटं आठ दिवसांत बंड करतील. शिवाय न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. फायबर तर नकोच. दाट टाके घातले नाहीत तर त्याचे गोळे होतात. कापडाच्या चार थरांवर फार तर आणखी एक चढवा, त्यापुढे हाताने ओढवत नाही.

सुरुवात दुपट्यापासून करू द्या, हात-दीड हात चौरस, दोनच थर. जमीन पुसून कापड ताणून अंथरायचं, आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे, मग धावदोरा. व्हिडिओत मधून बाहेर शिवत जा म्हणून सांगतात. आमच्याकडे काठापासून घेऊन चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर येतात. थर नीट टाचले असतील तर झोल येत नाही. ओळीत बोटभर अंतर पुरे. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता. टाके वाकडे आले तर येऊ देत, सरळच हवे असतील तर मशीन आहे की.

विकायचं म्हणाल तर माझं मत ऐका, कडू लागेल. बाजारात मशीनच्या रजया ज्या भावाला मिळतात त्या भावात महिना-दीड महिन्याचं हातकाम बसत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि शिवणारीच्या डोक्यात प्रत्येक टाक्याचा हिशेब सुरू होतो. माझ्या मुलाने फोटो काढून विकायला टाकायचं ठरवलं होतं, मी नको म्हटलं. निवृत्त बाईने हातात काही घेतलं की त्यातून काय मिळेल हा प्रश्न घरच्यांना का पडतो, मला कळत नाही. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या पुरुषाला कोणी विचारतं का, किलोमीटरला किती सुटतात? पैशाची खरी गरज असेल तर गोष्ट वेगळी, मग बचत गटात चौकशी करा. तिथे ऑर्डरी येतात आणि भाव एकटीने ठरवावा लागत नाही.

थोडं राहिलं. मोतीबिंदू असेल तर आधी त्याचं बघा, आणि काळ्या कापडावर काळा दोरा दिवसासुद्धा नको. मधुमेह असेल तर अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, सक्तीचं, बोटाला टोचलेलं लवकर कळत नाही. जमिनीवर बसवत नसेल तर टाचून झाल्यावर टेबलावर घेऊन शिवता येतं. आणि मोठी वाकळ भिजल्यावर एकट्या बाईला उचलत नाही, घरच्या मशीनलाही झेपत नाही. आम्ही माहुलीच्या घाटावर न्यायचो, तुमच्या फ्लॅटमध्ये काय करणार ते आधी ठरवा. एवढ्यापुरता फायबर हलका, हे मान्य.

आणि आजीच्या साड्यांना हात लावायचा की नाही, हे तुमच्या आईंना ठरवू द्या, नातेवाइकांना नाही. रेशमी असतील तर आजच घड्या बदला.