समुद्राच्या पोटातली भरती

प्रश्न : आमचं घर बेतीला, मांडवीकाठी. समुद्राच्या आतही भरतीच्या लाटा असतात म्हणे. त्यांची ऊर्जा जाते कुठे? हवामानाच्या संगणकी प्रारूपांत ती धरतात का? – एक वाचक

उत्तर : भरतीचं पाणी समुद्रतळावरच्या डोंगरांवरून सरकतं, तेव्हा वरच्या कोमट आणि खालच्या गार पाण्याच्या थरांत लाटा उठतात. वर त्या जेमतेम काही सेंटिमीटर, आत कित्येक मीटर. दोरीला ओळीने तापमापक बांधून सोडा. एकाच खोलीवरचा आकडा साधारण बारा तासांत काही अंश चढून उतरतो. मी तो आलेख तासन्‌तास बघू शकतो!

आखूड लाटा उगमापाशीच फुटून पाणी घुसळतात. लांब लाटा शेकडो, कधी हजारो किलोमीटर जाऊन विरतात; त्यांतल्या काही, खंडांच्या कडेच्या समुद्रतळाच्या उतारावर. जागतिक प्रारूपांची चौकट, म्हणजे हिशेबासाठी पाडलेला एकेक चौकोन, बरेचदा २५ ते १०० किलोमीटरची. तीत ही घुसळण मावत नाही. म्हणून अनेक वर्षं ढोबळ हिशेब चालला : सुमारे ३० टक्के ऊर्जा उगमापाशी विरते, उरलेलीसाठी सगळीकडे सारखीच घुसळण. हे ‘सारखीच’ मला मुळीच पटत नाही. तळाचं गार पाणी कुठे आणि किती वर येणार, हे घुसळणीच्या जागेवर ठरतं. लांब लाटांचा माग काढून केलेले नवे नकाशे आता प्रारूपांत वापरता येतात.