अजिंठ्याला गेलीस की आधी दारं बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अजिंठ्यावर प्रबंध लिहायचं मनात आहे, पण ग्रंथालयात कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांचे अजिंठ्यावरचे सात खंड एका ओळीत लावलेले पाहिलेस आणि उमेद खचली, असं लिहितेस. एका माणसाने पन्नास-साठ वर्षं घालून कानाकोपरा लिहून ठेवलाय, आता माझ्यासाठी काय उरलं, हा तुझा प्रश्न. पुष्कळ उरलंय. पण ते कुठे उरलंय हे कळायला त्या माणसाने नेमकं काय केलं ते आधी नीट समजून घे.

स्पिंक अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे, जन्म १९२८चा. हार्वर्डची डॉक्टरेट १९५४ साली, पुढे १९६१ ते २००० मिशिगन विद्यापीठात अध्यापन, २०१९ साली निधन. सात खंडांपैकी पहिला २००५ साली आला, तेव्हा त्यांचं वय सत्त्याहत्तर होतं. शेवटचा आला तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. तुला घाई झालीय हे पत्रावरून दिसतं, म्हणून हे आकडे मुद्दाम लिहिले.

ते आले तेव्हा अजिंठ्याचा काळ कसा लावत असत हे तुला ठाऊक हवं. नववं, दहावं अशी काही लेणी सातवाहनकालीन, याबद्दल फारसा वाद नव्हता. वाद होता तो नंतरच्या, महायान या बौद्ध पंथाच्या लेण्यांचा. ती पाचव्या शतकापासून पार सातव्या शतकापर्यंत हळूहळू कोरली गेली, असं अनेक जाणकार धरून चालत. त्यामागे एका चित्राचा मोठा वाटा होता. पहिल्या लेण्यात एका राजापुढे टोप्या घातलेले परदेशी लोक नजराणे घेऊन उभे आहेत. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक फर्ग्युसन यांनी ठरवलं की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, आणि समोर इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याचे दूत. झालं, लेणं सातव्या शतकात गेलं. गोष्ट इतकी देखणी होती की ती मोडायचं कुणाच्या जिवावर येई. आज बहुतेक अभ्यासक त्या चित्रात बौद्ध कथेतलाच प्रसंग बघतात. चित्र आपल्याशी बोलतं असं वाटायला लागलं की आपण आपल्याच मनातलं ऐकत असतो, ही या विषयातली सगळ्यात मोठी फसगत आहे. तू पद्मपाणीबद्दल, म्हणजे पहिल्या लेण्यातल्या त्या प्रसिद्ध बोधिसत्त्वाच्या चित्राबद्दल, जे दोन परिच्छेद लिहून पाठवलेस, ते वाचताना मला हीच काळजी वाटली. भाषा सुरेख आहे. पण त्यात भिंत कुठेच दिसली नाही.

स्पिंक यांनी भिंतीपासून सुरुवात केली, आणि त्यातही ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्या गोष्टीपासून: भिक्षूंच्या खोल्यांची दारं. लाकूड कधीच गेलं. पण दार ज्या खुंटांवर फिरायचं ते बसवायला चौकटीच्या वर-खाली दगडात कोरलेली वाटोळी भोकं राहिली आहेत. ही भोकं सगळीकडे सारखी नाहीत. कारागीर शिकत गेले, सोय सुधारत गेली, तशी दार बसवायची पद्धत बदलली. स्पिंक यांनी या पद्धतींचे चार प्रकार पाडले आणि कुठल्या लेण्यात कुठला प्रकार, त्याच लेण्याच्या आतल्या आणि बाहेरच्या खोल्यांत काय फरक, हे एकेक खोली बघत टिपलं. शेवटच्या खंडाच्या नावातच खोल्या आणि त्यांची दारं आहेत. विचार कर: ज्या जागी अवघं जग चित्रं बघायला येतं, तिथे हा माणूस विजेरी घेऊन रिकाम्या खोल्यांच्या उंबऱ्यापाशी वाकून बसायचा.

यामागचा विचार पक्का आहे. बुद्धाच्या चेहऱ्यावरचा भाव कुणी कसाही वाचील. मूर्तिकार जुनी शैली मुद्दामही गिरवील. दाराचं भोक मात्र कुणी भक्तीने कोरत नाही. ते त्या वर्षी जसं बसवायची रीत होती तसंच बसतं. म्हणून काळाची साक्ष तिथे जास्त खरी मिळते.

आणखी एक उदाहरण देतो, कारण पद्धत अशानेच कळते. पहिल्या लेण्याच्या गर्भगृहातली बुद्धमूर्ती तू पाहिली आहेस. पूजेत असलेल्या मूर्तीभोवती तुपाच्या दिव्यांची काजळी धरते. तिथे ती नाही. हार लटकवायला आकडे केलेले आहेत, पण हार रोज लागत-निघत असते तर आसपासचा रंग जितका घासला गेला असता तितका घासलेला नाही. त्यावरून स्पिंक म्हणाले की एवढं वैभवी लेणं पूजेला जवळजवळ लागलंच नाही. मूर्ती तयार झाली आणि माणसं पांगली.

का पांगली? इथून पुढे ते दगडावरून राजकारणाकडे वळतात. सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. सतराव्यात तिथल्या मांडलिक राजाचा लेख, सव्विसाव्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा, ज्यात अश्मक या शेजारच्या राज्याच्या मंत्र्याचा उल्लेख येतो. हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या वाशीमचा. स्पिंक यांच्या मांडणीत महायान लेण्यांचं सगळं काम साधारण ४६२ ते ४८० या अठरा-एकोणीस वर्षांत उरकलं. मध्ये अश्मकांशी युद्ध झालं, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. ४७७च्या अखेरीस हरिषेण अचानक गेला. मग ज्यांनी लेणी खोदायला घेतली होती त्यांनी घाईघाईने निदान मुख्य मूर्ती तरी पुऱ्या करून घेतल्या, आणि तेही निघून गेल्यावर दोन-एक वर्षं ज्याला जमेल त्याने, मिळेल त्या मोकळ्या जागी, आपापली लहान-मोठी बुद्धमूर्ती कोरून घेतली. मूळ आराखड्याशी मेळ नसलेल्या या मूर्ती सव्विसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर नीट बघ. तिथे एका थोर योजनेचा अंत आणि सामान्य माणसांची पुण्याची ओढ एकाच दगडावर दिसते. मला स्वतःला अजिंठ्यात याहून हृदयाला भिडणारं काही वाटत नाही, पद्मपाणीसुद्धा नाही.

यात एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना सांगावीच लागते. वाकाटकांचा हा पाया घातला नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी. अजिंठ्याचे वाकाटक लेख त्यांनी वाचले, वाकाटक लेखांचा त्यांनी संपादलेला खंड १९६३ साली आला. दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत कथाकाव्यातल्या आठव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, विदर्भाच्या राज्याचा जो विनाश येतो, त्यात वाकाटकांच्या अखेरीच्या आठवणी असाव्यात हे त्यांनी दाखवलं, आणि स्पिंक यांनी हाच धागा धरून पुढे नेला. मिराशींचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ मराठीत आहे. तुझ्या संदर्भयादीत तो नाही. ही कमतरता आधी भरून काढ. आणि ब्राह्मी लिपी व संस्कृत यांची टाळाटाळ आता पुरे. वराहदेवाचा लेख दुसऱ्याच्या भाषांतरावरून वाचून त्यावर मत देता येणार नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

स्पिंक यांचं सगळंच मान्य झालेलं नाही. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध आणि हरिषेणाचा काळ ही मोठी चौकट बहुतेकांनी स्वीकारली. पण वर्षावर्षाचा हिशेब, म्हणजे या साली हा खांब आणि त्या साली ती ओसरी, यावर आक्षेप घेणारे पुष्कळ निघाले. कलेतिहासाचे अभ्यासक कार्ल खंडालावाला यांचा विरोध होता, भारतविद्येचे डच अभ्यासक हान्स बाकर यांनीही शंका काढल्या. माझंही मन त्या वर्षवार नेमकेपणापाशी अडतं. काव्यातल्या राजाच्या गोष्टीवर इतिहासाचं किती ओझं टाकायचं? काजळी नाही म्हणजे पूजा नाही हे म्हणताना, गेल्या शतकभरात तिथे काय साफ केलं गेलं याचा हिशेब आधी मांडायला नको का? हे प्रश्न खरे आहेत आणि ते अजून पुरते सुटलेले नाहीत.

पण स्पिंक यांचं मोठेपण मला इथेच दिसतं. ‘सुमारे पाचवं ते सातवं शतक’ असं मोघम लिहून त्यांना सुरक्षित राहता आलं असतं. त्यांनी साल सांगितलं. साल सांगितलं की ते खोडता येतं, आणि खोडायला येणाऱ्याला लेण्यात जाऊन दारं बघावीच लागतात. त्यांनी वादाला एक अख्खा खंड दिला, दुसरा. त्याचं नावही अजिंठ्याविषयीचे वाद असंच आहे. लेण्यांतच अभ्यासवर्ग घेऊन ते मुलांना भिंतीपुढे उभं करत. ज्या पोरांना त्यांनी बघायला शिकवलं, त्यांच्यातलीच काही त्यांच्याशी भांडू शकतील अशी तजवीज या माणसाने स्वतःच केली. तुला उरलेलं काम हे आहे: त्यांचं एक विधान घे, एकच, आणि ते जागेवर जाऊन तपास.

रंगांवर मात्र इतक्यात लिहू नकोस. तू ‘अजिंठ्याच्या उबदार पिवळसर छटे’बद्दल लिहिलं आहेस. निजामाच्या काळात, १९२०च्या सुमारास, चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ चित्रं वाचवायला आले. त्यांनी निखळणारे पापुद्रे बसवले, मोठं काम केलं. पण वर जे लाखेचं रोगण दिलं ते पुढे पिवळं पडलं. तू जिचं कौतुक केलंस ती छटा बरीचशी त्या रोगणाची आहे. चित्रावर शतकाशतकांत कुणाकुणाचा हात फिरलाय याची नोंद समजल्याशिवाय चित्रकाराच्या मनाबद्दल काही म्हणता येत नाही.

चोविसाव्या लेण्यापासून सुरुवात कर. ते अपुरं राहिलंय, म्हणून गर्दी तिथे थांबत नाही. पुरं झालं असतं तर मोठ्या विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांत, त्याची गणना झाली असती. छताकडून खाली कसं उतरत गेले, खांबांसाठी दगड कसा राखला, हे तिथे उघडं दिसतं. छिन्नीचे घाव कुठे खडबडीत आणि कुठे बारीक होतात ते हाताने रेखाटून घे. फोटो काढलास की आपण पाहिलं असं वाटतं आणि डोळा आळसावतो. मग सोळा आणि सतरा घे. दोन्हींतल्या प्रत्येक खोलीचं दार मोज: भोकांचा व्यास, चौकटीपासूनचं अंतर, आत झीज आहे का, नंतर दुरुस्ती केल्याच्या खुणा आहेत का. स्पिंक यांचे चार प्रकार आधी वाचू नकोस. तुझे तू पाड, आणि नंतर पडताळून बघ.

मापं घेताना पहारेकऱ्यांना आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांना रीतसर परवानगी दाखव, आणि भिंतीला हात लावू नकोस. पावसाळ्यानंतर जा, तेव्हा लेण्यांखालच्या वाघूर नदीला पाणी असतं, सकाळचं ऊन आत कुठवर पोचतं तेही लिहून आण. वह्या मला पाठव. त्यात पद्मपाणीबद्दल तूर्तास एक ओळही नको.

तुझा,
सर