सुई वळते, पण सरकत नाही

गोव्यातल्या डिचोलीच्या ताईंचा प्रश्न असा: सातवीतल्या मुलाने शिवणाची सुई चुंबकावर घासली, थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून वाडग्यातल्या पाण्यात सोडली. ती उत्तर-दक्षिण झाली आणि हळूहळू उत्तरेच्या काठाला जाऊन चिकटली. म्हणजे पृथ्वी तिला ओढते का?

ताई, पृथ्वीने फक्त वळवली. काठाला नेली ती पाण्याने.

शाळेत शिकवत असताना मीही इथे फसलोय. 'बघा, उत्तर कशी खेचतेय' असं वर्गाला सांगून मोकळा झालो होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, तिने तीच सुई दक्षिणेच्या काठाजवळ सोडली. ती तिथेच चिकटली! पाणी भांड्याच्या कडेला किंचित वर चढलेलं असतं आणि तरंगणारी हलकी वस्तू त्या चढावाकडे जाते. यावर उपाय सोपा आहे. पाणी काठाच्या वर फुगेपर्यंत भांडं भरा. थर्माकोल आपोआप मध्यावर येईल आणि सुई तिथेच उत्तर-दक्षिण होऊन राहील. भांडं मात्र काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या, स्टीलवर भरवसा नको.

आता खरं कारण. सुईचं एक टोक उत्तरेकडे ओढलं जातं, दुसरं तितक्याच जोराने दक्षिणेकडे. बसचा ड्रायव्हर एका हाताने चाक वर ढकलतो, दुसऱ्याने खाली ओढतो, तेव्हा चाक फिरतं पण जागा सोडत नाही, तसंच हे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हजारो किलोमीटरवर पसरलंय, त्यामुळे पाच सेंटिमीटरच्या सुईच्या दोन टोकांना त्यात फरक जाणवत नाही. जुन्या स्पीकरमधलं चुंबक जवळ आणा, मग बघा. त्याचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटतं, जवळच्या टोकाला ओढ जास्त बसते आणि सुई वळून त्याच्याकडे धावते.

रॉबर्ट नॉर्मन या इंग्रज कारागिराने हे १५८१ मध्येच दाखवलं होतं. त्याने सुईला बूच लावून ते इतकं तासलं की सुई पाण्याच्या मधोमध अधांतरी राहिली. ती वळली, तिचं एक टोक खाली झुकलं, पण ती ना बुडाली ना कडेला गेली. हा झुकाव गोव्यात सुमारे २० अंश असतो, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या आसपास जवळपास शून्य. थर्माकोलवर आडव्या ठेवलेल्या सुईत तो लपून जातो. मधोमध दोऱ्याने टांगलेल्या सुईत दिसेल, पण दोरा बांधून सुई आधी तोलून घ्या आणि मगच चुंबकावर घासा.

गोव्याशी नातं म्हणाल तर पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द काश्त्रु. १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला येताना तो वाटेत ठिकठिकाणी सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजत होता. जवळची लोखंडी तोफ सुईला बिघडवते हेही त्याच्या ध्यानात आलं. पुढे तो इथला व्हाइसरॉय झाला, ते वेगळं.

आणि तुम्ही डिचोलीच्या, तेव्हा मुलाला लोहखनिजाची एक-दोन ढेकळं सुईजवळ नेऊन बघायला सांगा. आपल्याकडचं बरंचसं हेमॅटाइट. ते सुईला फारसं हलवत नाही. एखाद्या ढेकळाने सुई ठळकपणे ढळली तर त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाकडे जोरात ओढलं जाणारं लोहखनिज, असण्याची शक्यता आहे. ते ढेकूळ जपून ठेवा.